आंब्याच्या लाकडावरचं कुंकू

झरी गावात आमच्या घराला लागूनच महारुद्र भावजींचं घर. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या घासकामाचा आवाज थेट माझ्या देवघरात यायचा. मी नरसिंहाचं स्तोत्र म्हणत असायची आणि पलीकडून खर्र खर्र चाललेलं. आधी राग यायचा. पुढं सवय झाली.

भावजी लग्नाआधीपासून परभणीत एका फर्निचरच्या दुकानात कामाला होते. कपाटांना, दारांना व्हेनियर चिकटवायचे. व्हेनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. खाली काहीही असो, वरून अस्सल लाकूड दिसतं. त्या दुकानात पुण्याच्या प्राचीताईंनी त्यांचं काम पाहिलं. प्राचीताई युकुलेली बनवतात. चार तारांचं बारकं वाद्य, लेकरासारखं छातीशी धरून वाजवायचं. त्यांची वाद्यं महागडी, कार्बन फायबरची. काळेकुळकुळीत सांगाडे खोक्यात भरून झरीला यायचे, भावजी त्यावर व्हेनियर चढवून परत पाठवायचे. पॉलिश पुण्यात व्हायचं.

मला काही त्याचा मेळ लागेना. एकदा विचारलं, "भावजी, वरून लाकूडच दिसायला पाहिजे तर अख्खं लाकडाचंच का करत न्हाईत?"

"लाकूड तडकतं, वैनी. उन्हात गाडीत राहिलं की गेलं. थंडीच्या देशात न्हेलं की फुगतं, सूर सोडतं. ह्याला काईच होत न्हाई."

"मग काळंच ठिवा की."

"काळं कुणाला नको. हाताला लाकूड लागावं वाटतं लोकाला."

आणि मागणी तर वाढतच चाललेली. कुणाला साग पाहिजे, कुणाला बाभूळ. परदेशातली माणसं फोटो बघून आधीच सांगून ठेवायची. गावात चेष्टा व्हायची. समोरचे बापू ओट्यावरून विचारायचे, "काय महारुद्र, सतारीला पिल्लं झाली का?"

"झाली की. न्हेता का एक? दूध मात्र तुमी पाजायचं."

हे असं बोलणं सुनेत्रा होती तोवरचं. सुनेत्रा म्हणजे भावजींची बायको, माझी जाऊ. पापुद्रा उजेडाला धरून कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळते ते ती बघायची. मोबाईल तिचा, प्राचीताईंशी बोलणं-लिहिणं सगळं तिच्याकडे. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण लोणच्यात मोहरी किती घालायची इथपर्यंत गप्पा.

चैत्रात सुनेत्रा गेली. कावीळ झाली, परभणीला नेलं, तिथून नांदेडला नेलं, आणि परत आणलं.

भावजी रडले नाहीत. दहावा झाला, तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून खर्र खर्र सुरू झालं. मी ताट नेऊन द्यायची, ते जेवायचे. ताट न्यायला उशीर झाला तर विचारायचे नाहीत. तानुबाई आत्या मुद्दाम येऊन बसल्या, म्हणाल्या, "रडून घे रं बाबा एकदा. असं बरं न्हाई."

"हो आत्या, रडतो," भावजी म्हणाले आणि लाकूड घासत राहिले.

श्रावणात मोठं काम आलं. सगळी युकुलेली आंब्याच्या लाकडाची पाहिजे होती, फिकट, भुऱ्या रंगाची. हे काम नीट उतरलं तर आंब्याचं सगळं काम कायमचं झरीला, नाहीतर पुण्यात मशीन घेऊन तिथंच करायचं, असं प्राचीताईंनी कळवलं. तसं झालं तर भावजींना घराला कुलूप लावून औरंगाबादला कारखान्यात जावं लागणार. परभणीचं दुकान तर केव्हाच बंद पडलेलं, आणि शेतीत त्यांचा हात कधीच नव्हता. आमचे हे म्हणाले, "ह्या डावाला जपून कर रं." भावजी "हो" म्हणाले.

काम नवरात्रापर्यंत उरकलं. मी स्वतः पाहिलं, रांगेत ठेवलेली ती वाद्यं ताकाच्या रंगाची दिसत होती.

गेलेल्या माणसाचं वर्ष सरल्याशिवाय आमच्यात सण धरत नाहीत. गौरी बसल्या नाहीत, घट बसला नाही. खंडेनवमीला घरात काहीच करायचं नव्हतं म्हणून मी सोनपेठला माहेरी आईला भेटायला गेले. दसऱ्याला दुपारी एस.टी.नं परत आले, ताट घेऊन भावजींकडे गेले, आणि दारातच थांबले.

सण धरायचा नसला तरी हत्यारं उपाशी कशी ठेवायची, असं भावजींच्या मनात आलं असावं. पटाशी, करवत, पकडी, सगळ्याला हळदीकुंकू होतं. आणि प्रत्येक युकुलेलीच्या छातीवरही. ओली हळद, त्यावर कुंकवाचं बोट. पॉलिश नसलेलं कोरडं लाकूड ते. रातभर पिऊन बसलं होतं. हळद चारी बाजूंनी रेघारेघांतून पसरलेली, मधे कुंकवाचा लाल डाग.

"हे पुसा आधी," मी म्हणाले.

"पुसलं. घासलं पण." त्यांनी एक उचलून दाखवलं. घासून घासून पापुद्रा संपला होता आणि मधोमध खालचं काळं उघडं पडलं होतं. बाजूची हळद तशीच.

"वाद्याला कुणी लावायला सांगितलं?"

"सुनेत्रा लावायची ना दरसाली."

"ती खोक्याच्या झाकणावर लावायची, भावजी. वाद्यावर निस्तं फूल वाहायची."

त्यांनी हातातलं वाद्य खाली ठेवलं. पूजेच्या वेळी ते नेहमी बाहेर ओट्यावर नारळ सोलत बसलेले असत. त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मला वाटलं वाद्याला लावायची," ते म्हणाले.

फोन करावाच लागणार होता. त्यांच्या बोटांना डिंक लागलेला, म्हणून फोन मी लावला आणि स्पीकर सुरू केला. प्राचीताईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण आवाज बारीक झाला. "अहो, पुढच्या आठवड्यात माल निघायचाय. बरं, सुनेत्राताईंना द्या ना जरा फोन."

"ती न्हाई," भावजी म्हणाले.

"दर वेळी तुम्ही असंच सांगता. कामात आहे, बाहेर गेलीय. कधी येतील?"

मी भावजींकडे पाहिलं. त्यांनी बोटावरचा वाळलेला डिंक सोलून काढला, एका बोटाचा, मग दुसऱ्या.

"न्हाई येणार. ती गेली, ताई. चैत्रात."

 प्राचीताई म्हणाल्या, "कुठल्या चैत्रात?"

"ह्याच."

"पण मला तर त्यांचे मेसेज येतात. गौरी जेवल्या का म्हणून मी विचारलं होतं. जेवल्या, पुरणपोळी केली, असं उत्तर आलं."

"मीच लिवलं."

"का हो?"

"तुमी तिच्याशी बोलत हुता. मला वाटलं, बोलू द्यावं."

हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ठाऊक कुणालाच नव्हतं. चैत्रापासून त्या बाईंसाठी सुनेत्रा झरीत स्वयंपाक करत होती, व्हेनियर जुळवत होती, आणि इकडं तिच्या नावानं भावजी पुरणपोळीचं लिहीत होते.

प्राचीताई म्हणाल्या, "मी उद्या बोलते."

भावजींनी फोन ठेवला आणि माझ्याकडं इस्त्री मागितली. गरम इस्त्री फिरवली की खालचा डिंक मऊ पडतो, मग पातळ पात्यानं पापुद्रा सोलून निघतो. संध्याकाळपर्यंत ते सोलत होते. मी ओट्यावर बसून होते, कारण उठून जावंसं वाटेना. बापू आपटा द्यायला आले, आत डोकावले, आणि पानं माझ्या हातात देऊन चेष्टा न करता परत गेले. हळदीच्या पट्ट्यांचा ढीग झाला. पूजेचं म्हणून तो केरात टाकता येईना, चुलीतही घालता येईना. कोपऱ्यात सारून ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. आंब्याचं काम आता पुण्यात मशीनवर होणार होतं, गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. सोललेले सांगाडे परत पाठवा म्हणाल्या. बाभळीला मात्र मशीन चालत नाही, पापुद्रा फाटतो. ते थोडं काम झरीलाच राहील, कार्तिकात पाठवते.

"किती राहील म्हणल्या?" आमच्या ह्यांनी नंतर विचारलं.

"थोडं म्हणल्या."

"मग औरंगाबाद?"

"न्हाई जात."

कार्तिकात भावजी सकाळीच माझ्याकडं फोन घेऊन आले. फोन सुनेत्राचाच, काच एका कोपऱ्यात तडकलेली. प्राचीताईंचा मेसेज होता. आजवर त्यांचा प्रत्येक मेसेज "सुनेत्राताई" म्हणून सुरू व्हायचा. ह्या वेळी लिहिलं होतं, "महारुद्रभाऊ, बाभळीचे सांगाडे आज निघतायत. पोचले की कळवा."

ते दारात उभेच होते.

"काय लिवू, वैनी?"

"तुमच्या मनानं लिवा की."

त्यांनी बऱ्याच वेळानं "हो" एवढंच लिहिलं, मला दाखवलं, आणि पाठवून दिलं.