बाबांना न दिसलेला लाल दिवा

मंडळी, आज सकाळी पिपलानीला, बाबांच्या कारखान्याच्या वसाहतीत, आई-बाबांकडे गेले होते. तिथून आल्या आल्या लिहितेय.

कारखान्याच्या आवाजानं बाबांचे कान गेले. आईचं एक अंग लुळं पडलंय. म्हणून मीच हौसेनं बाबांच्या खुर्चीसमोर लाल दिवा लावून दिला होता. आईनं हातातलं बटण दाबलं की तो लुकलुकतो.

आज आत शिरले, तर दिवा लुकलुकत होता आणि बाबा त्याच्यासमोरच पेपर वाचत बसले होते. आतल्या खोलीत आई जमिनीवर पडलेली, बटण मुठीत.

"कधीची दाबतेय गं," एवढंच म्हणाली. हाड मोडलं नाही, हेच नशीब.

आईला पलंगावर निजवल्यावर बाबा त्या दिव्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, कारखान्यात आमच्या शॉपमध्ये चारी बाजूंना वेल्डिंग चालायचं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'चमक की तरफ देखना नहीं, अपने काम पे नज़र रखो.' जन्मभर तेच केलं. मला तो दिवा दिसलाच नाही गं."

बाबा रिटायर झाले, त्यांचा मेंदू अजून ड्युटीवरच आहे.

जे बघायचं नाही असं डोळ्यांना शिकवलं, ते पुन्हा बघायला कसं शिकवायचं? कुणाला माहीत असेल तर सांगा.

बाबांनी दिवा काढून टाकलाय. माझ्या जुन्या ओढणीचं एक टोक आईच्या चांगल्या हाताला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलंय. मी निघाले तेव्हा आई झोपली होती, आणि बाबाच अधूनमधून ओढणी हलकेच ओढून बघत होते.