गुलाबी फाईल

बारामतीच्या आमच्या दवाखान्यात आम्ही तिघं डॉक्टर आणि फायली तीन रंगांच्या. मोठ्या सरांच्या गुलाबी, दुसऱ्या डॉक्टरांच्या निळ्या, माझ्या पिवळ्या. बाहेर पाटीवर 'एकत्रित सेवा' असं ठळक लिहिलंय. आतला नियम मात्र कुठंच लिहिलेला नाही: दुसऱ्याच्या रंगाच्या फाईलमधल्या औषधाला हात लावायचा नाही.

गुरुवारी सरांची सुट्टी. अशाच एका गुरुवारी निरवांगीचे एक आबा गुलाबी फाईल घेऊन माझ्यासमोर बसले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती बघतात.

"उभं ऱ्हायलं की डोळ्याम्होरं अंधारी येती बाई."

उभं करून बीपी मोजलं. फारच खाली. सरांनी महिन्यापूर्वी बीपीची गोळी वाढवली होती. ती निम्मी करायची, एवढंच काम होतं. सरांना फोन लावला, तो बंद. मग सरांच्या टेबलावर ठेवायच्या त्या फाईलवर चिठ्ठी चिकटवली: 'सर, कृपया गोळीचं बघावं.' ते 'कृपया' लिहिताना माझाच मला राग आला.

"आबा, उद्या सरांना दाखवा."

"उद्या न्हाय जमायचं, पाण्याची पाळी हाय. तुमी बी डॉक्टरच हाय न्हवं?"

होते की! पण दोन वर्षांपूर्वी मी एका गुलाबी फाईलमधलं औषध बदललं होतं, तेव्हा सर महिनाभर माझ्याशी रिसेप्शनच्या मुलीमार्फत बोलत होते. चहासुद्धा वेगळा मागवायचे. ते पुन्हा नको, म्हणून मी आबांना तसंच घरी पाठवलं.

शनिवारी आबा चक्कर येऊन बांधावरून पडले, मनगट मोडलं. चिठ्ठी फाईलवर तशीच होती, कुणीही न वाचलेली. सरांनी मुकाट्यानं गोळी निम्मी केली.

मग मीटिंग. वडापाव आले. 'आपण एक कुटुंब आहोत, कुणाला दोष द्यायला नको' असं सगळे म्हणाले, आणि चिठ्ठ्यांसाठी जरा मोठे, भडक रंगाचे कागद आणायचं ठरलं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. मी वडापाव खाल्ला.

पुढच्या गुरुवारी आबा आले, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी.

"बाई, मला तुमची ती पिवळी फाईल द्या की. तुमी उभं करून बघितलं, दुसऱ्या कुनी बघितलं न्हाय."

कपाटात पिवळ्या फायलींचा गठ्ठा होता. हाताच्या अंतरावर.

"सरांना विचारून सांगते, आबा," मी म्हणाले.

आबांनी मान डोलावली आणि धडक्या हातानं टेबल धरून सावकाश उठले.