भाऊंची सपाट जागा

आमचे शेजारी दिवाकरभाऊ कुठेही गाडी उभी करण्याआधी खिशातून कंचा, म्हणजे काचेची गोटी, काढून जमिनीवर ठेवत. कंचा घरंगळला की पुन्हा गाडीत बसून पुढची जागा शोधत. त्यापायी ज्यांच्याकडे जायचं तिथला चहा निवून जाई, पण गोंडपिपरीत कुणी त्यांना हसत नसे. निदान तोंडावर तरी नाही.

गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर भाऊंनी नागपूरच्या भाच्याकडून एक जुनी गाडी घेतली. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप बदलत. "हे सोताहून गेर टाकते," भाऊ म्हणत, "म्हणजे इले डोस्कं हाये. डोस्कं हाये त दुखनं बी हाये." मग रोजची तपासणी आलीच. गाडी चांगली तापू द्यायची, सपाट जागी उभी करायची, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबून गिअरचा दांडा प्रत्येक घरातून फिरवून आणायचा. मग गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसून पांढऱ्या फडक्यानं पुसायची आणि पुन्हा बुडवून पाहायची. तेल दोन खुणांच्या मध्ये, रंग लाल आणि जळका वास नाही, असं दिसलं की भाऊ गाईच्या मालकाला सांगावं तसं मोठ्यानं म्हणत, "तब्येत बरी हाये!" मालक तेच होते, पण सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

माझं लग्न धानोऱ्याला ठरलं. मोसमातला तो शेवटचा मुहूर्त होता, आणि तो टळला तर लग्न पुढच्या वर्षी, असं सासरेबुवांनी बजावलं होतं. नवरदेवाची गाडी अर्थातच भाऊंची. गडचिरोली मागं टाकून जंगलात शिरलो, तशी गाडी हुंकारली. निदान भाऊंना तसं ऐकू आलं.

"इले तपासल्याबिगर एक पाऊल नाई."

"भाऊ, मुहूर्त!"

"गाडी बसली त मुहूर्त काय पायी गाठशीन?"

रस्ता चढउताराचा, कंचा कुठंच थांबेना. तेवढ्यात भाऊंना धानाची कोरडी बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, दिसलं. "पानी जिथी सारखं उभं राह्यते, तिच्यापेक्षा सपाट काय असन?" असं म्हणत बैलगाडीच्या वाटेनं त्यांनी गाडी सरळ बांधीत उतरवली. कंचा ठेवला. तो हलला नाही. इतका आनंद माझं लग्न ठरलं तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता.

मी मुंडावळ्या सावरत ब्रेक दाबून दांडा फिरवत होतो. फडकं घरी राहिलं होतं, म्हणून भाऊंनी पट्टी माझ्या पांढऱ्या शेल्याला पुसली. तब्येत बरी निघाली. पण बाहेर पडताना चाकं ढेकळांत फिरत राहिली आणि गाडी जागची हलेना. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

जंगलातून सरपण घेऊन येणाऱ्या बायांनी मोळ्या खाली टाकल्या, पळसाच्या फांद्या चाकांखाली घातल्या आणि नवरदेवासकट गाडी धुऱ्यावर, बांधावरच्या वाटेला, ढकलली. "इथी धान पेरतेत भाऊ, गाडी नाई!" एक जण म्हणाली. भाऊंनी तिला कंचा दाखवला.

मंडपात पोचलो तेव्हा अंतरपाट धरलाच होता. शेल्यावरचा लाल डाग पाहून सासूबाईंनी किंकाळी फोडली. भाऊ पुढे झाले आणि शेल्याचं टोक सासरेबुवांच्या नाकाशी धरलं. "रगत नोहे, गाडीचं तेल हाये. जळका वास येते का, सांगा." सासरेबुवांनी खरोखर वास घेतला. "नाई येत," ते गंभीरपणे म्हणाले, आणि मंगलाष्टकं सुरू झाली.

गेल्या वर्षी भाऊंना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी त्यांचीच गाडी घेऊन सकाळी भेटायला गेलो आणि विचारलं, "भाऊ, तब्येत कशी आहे?"

"आधी तिची पाहून ये," ते पुटपुटले. "मंग माही इचार." उशाखालचा कंचा त्यांनी माझ्या हातात दिला.

खाली आवारात उतार होता. उतारावरची तपासणी भाऊंनी मानली नसती. म्हणून मी कंचा ठेवत, उचलत, पार गावाबाहेरच्या शाळेच्या मैदानापर्यंत गेलो. तिथं तो थांबला. पट्टी पुसायला तोच शेला होता, आमच्या घरी तो याच कामाला ठेवलेला आहे.

परत येईपर्यंत भाऊ गेले होते. चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. बाकीचे रडत होते, मलाही आवरत नव्हतं. पण भाऊंनी गाडीची तब्येत पाहायला पाठवलं होतं, उत्तर द्यायलाच हवं होतं. चादर जराशी बाजूला करून मी मोठ्यानं सांगितलं, "भाऊ, तब्येत बरी हाये."