पदर आणि सायकलची नळी

अक्षर वाकडं आहे, लिहिण्यात चुकाही असतील. चौथीपर्यंतच शाळा झाली, सांभाळून घ्यावं.

आज नातवानं आणलेल्या आंब्यांना कार्बाइडचा वास आला आणि शिवऱ्यातली आमची पडवी आठवली. आमच्या मालकांचा वेल्डिंगचा धंदा, पण त्यांचा हात कापू लागला होता, म्हणून कार्बाइडच्या गॅसवर सायकलच्या सांगाड्याच्या मोडक्या नळ्या जोडायला मी घरीच शिकत होते. रानातून येऊन बसले की पाठ भरून आलेली असायची.

"नळी पातळ हाय. जाळ एका जागी ठिवू नगंस," मालक सांगायचे.

एका दुपारी गवळी नाना आपली सायकल झाली का बघायला आले. थोरलं माणूस दारात दिसलं, म्हणून मी सवयीनं पदर डोक्यावर ओढला. तेवढ्यात जाळ एका जागी राहिला आणि नळीला भोक पडलं.

"सूनबाई, पदर पडला असता तरी चाललं असतं गं. आता दूध भोरला काय डोस्क्यावरनं नेऊ?" नाना म्हणाले. मला रडायचंही त्राण नव्हतं.

नवी नळी त्यांनी पुण्याहून बसवून आणली. तिचे पैसे मी अंडी विकून फेडत राहिले. तेव्हा नुसती लाज वाटायची. आता वाटतं, किती दमले होते मी.

शेवटचे पैसे दिले त्या दिवशी नानांनी तीच सायकल माझ्यापुढं लोटली. "हँडल तुटलंय. आधी पदर खोच."

पैसे पुरते फिटले होते. मी पदर खोचला.