बिज्याला दिलेली तारीख

मी इथे फक्त वाचायला येते. लिहितेय आज पहिल्यांदाच, आणि तेही बिचकत... कारण असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं बौद्ध घर, बाबा शाळामास्तर. अंगात येणं, उतारे टाकणं आमच्याकडे कुणाला माहीतही नाही.

आदिलाबादला एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये मी काम करते. झाडाच्या कोवळ्या फांदीचा पेरभर तुकडा घ्यायचा, निर्जंतुक करायचा, काचेच्या बाटलीत जेलीसारख्या खाद्यावर ठेवायचा आणि ट्यूबलाइटखाली वाढवायचा. केळी गुणी. बिजा, म्हणजे बिबळ्याचं झाड, मात्र महाहट्टी – कोंब देतो, मुळं देत नाही.

तामसीकडच्या एका गावात, मारूबाईंच्या शेताच्या बांधावर एक जुना बिजा होता. शुगरवर औषध म्हणून लोकांनी त्याची साल आणि लाकूड तासून तासून त्याला अर्धा मारला होता. शेंगा धरायचा, पण आत बी पोकळ. त्याचा वंश राखायचा तर बाटलीतच, म्हणून वैशाखात नवी पालवी आल्यावर मी तिथे गेले.

मारूबाई गोंड घरातल्या, सत्तरीच्या. मी कात्री काढली तशा आडव्या आल्या.

"सांगून घे त्याले. आन वापस कवा आणशीन तेही सांग. आमी तसंच करतो."

ऊन मी म्हणत होतं, परतीची बस चुकायची भीती. "पोळ्याच्या करीले आणून देतो," मीही त्यांच्याच बोलीत ठोकून दिलं. कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, जेमतेम चार महिन्यांवर.

"नेमका दिवस काऊन सांगतला बाई? आमी 'होईन तवा' म्हणतो," त्या काळजीने म्हणाल्या. मी हसले आणि फांद्या घेऊन निघाले.

आषाढातल्या वादळात झाड बुंध्यातून मोडलं. मारूबाईंच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी लॅबच्या जिन्यात बसून रडले... खोटं कशाला सांगू. आता तो बिजा फक्त आमच्या रॅकवर उरला होता, अकरा बाटल्यांत. खाद्यातले हार्मोन बदलले, साखर कमी केली, आठवडाभर अंधारात ठेवलं. मुळांचं नाव नाही. आमच्या प्रमुख श्रीलता मॅडम भल्या बाई, पण त्याही म्हणाल्या, "ज्योती, पानं पिवळी पडायलीत. पोळ्यानंतर हा रॅक रिकामा करू."

करीच्या दिवशी मी माफी मागायला निघाले. झाडाची नाही हं, मारूबाईंची. दाखवायला एक बाटली घेतली. सकाळी साडेआठला मॅडमनी आणि मी ती उजेडासमोर धरून पाहिली. जेली स्वच्छ होती, कोंबाच्या तळाशी काही म्हणजे काही नव्हतं. बाकीच्या दहाही तशाच. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

बसने तामसी, तिथून ऑटो. साडेदहाला बांधावर पोचले. मारूबाई बुंध्याजवळच बसल्या होत्या.

"मावशी, नाही जमलं. एवढंच आणलं," म्हणत मी पिशवीतून बाटली काढली.

तिला मुळं होती. पांढरीशुभ्र, शेवयांसारखी, तीन... थेट बाटलीच्या तळापर्यंत.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. म्हटलं, रॅक बघा. त्या गेल्या, एकेक बाटली उचलल्याची किणकिण फोनवर ऐकू येत राहिली. शेवटी म्हणाल्या, "दहाच्या दहा," आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटल्या.

या कामातल्या माणसाला विचारा – एवढी मुळं यायला आठवडे लागतात, दोन तास नाही. बसमधली गरमी म्हणावं तर बाकीच्या दहा एसीत होत्या. बाटली बदलली म्हणावं तर लेबलवर माझंच अक्षर. मॅडमनी रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, कारणाचा रकाना अजून कोरा आहे.

मारूबाईंना मात्र काडीचं नवल नाही. "आणलं ना? लाव मंग."

मी समजावलं, हे आता लावलं तर बाहेरच्या हवेत मरेल, सावलीच्या नेटखाली हळूहळू सवय करावी लागते, पुढच्या पावसाळ्यात आणते.

"मले काऊन सांगून राह्यली? त्याले सांग."

मग मी, मास्तरांची पोर, मोडक्या बुंध्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, अजून एक पावसाळा थांब. लाज वाटली नाही. उलट किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं.

अकराच्या अकरा जगली. आमच्याकडे असं कधीच होत नाही. यंदा पावसाळ्यात त्यातलं एक त्याच बांधावर लावलं. माती लोटताना खोडाला माझं नख लागलं आणि बिज्याचा असतो तसा लाल चिकाचा थेंब आला. मारूबाईंनी तो बोटावर घेतला, निरखून पाहिला.

"नवा नाही हा. तोच हाय."

मुळांचं काय झालं, मला आजही सांगता येत नाही. पण टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे मूळ झाडाचं पिल्लू नसतं, तेच झाड असतं – हे शिकायला मी दोन वर्षं कॉलेजात घालवली. मारूबाईंना मी ते कधी सांगितलंच नव्हतं.