रोजचं निघणं

ओल्या लोकरीचा आणि निलगिरीच्या गोळ्यांचा वास आला की मला २००४च्या हिवाळ्यातली नेपरव्हिलहून शिकागोला जाणारी सकाळची गाडी आठवते, आणि शेजारी बसणारे एक थकलेले, वृद्ध अमेरिकन गृहस्थ. मी नोकरीवर निघालेली असे. ते इस्पितळात पत्नीला भेटायला. माझ्या डब्याचा वास घेत ते म्हणत, "पुन्हा लसूण, मुली? सगळी गाडी जागी केलीस!"

बोलताना त्यांचे तळहात काहीतरी जड ढकलल्यासारखे पुढे सरकत. दुसऱ्या महायुद्धात, पॅसिफिकमधल्या लढाईच्या अखेरच्या महिन्यांत ते विमानवाहू जहाजावर होते. पहाटे विमानं उडत. संध्याकाळी काही परतत नसत. मग ते आणि डेकवरची बाकीची पोरं उरलेली विमानं ढकलून जवळजवळ लावत, सकाळी वैमानिकांना रिकामी जागा दिसू नये म्हणून.

"युद्ध संपत आलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणूनच रोज निघणं जड जायचं."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शिकागो आलं, उतारू उतरले. ते मात्र बसूनच राहिले. पत्नीचे थोडेच दिवस उरलेत, असं डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

"रोज जातो," ते म्हणाले. "आज पाय उचलत नाहीत."

संपत आलेल्या गोष्टीकडे दररोज चालत जाण्याचा तो शीण होता. त्याला सांत्वनाचे शब्द पुरले नसते.

"मी येऊ तुमच्यासोबत? त्यांच्या खोलीपर्यंत?"

एरवी कुणाचीही मदत हसून टाळणाऱ्या त्यांनी माझं मनगट धरलं आणि ते म्हणाले, "प्लीज."