पुढचं दार, मागचं दार

आमच्या कराडच्या घरात बंगळूर म्हणजे परदेशच होता. नकाशात ते शेजारच्या राज्यात असेल, पण तिथली भाषा आमच्यात कुणाला येत नव्हती, तिथल्या पाट्या वाचता येत नव्हत्या आणि घरातली एकही मुलगी तोवर एवढ्या लांब शिकायला गेली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मला तिथं एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा आत्यानं बाबांना विचारलं, "इथली कॉलेजं काय ओस पडली का?" प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. मला घरापासून लांब जायचं होतं, एवढंच.

राहायला इंदिरानगरात खोली मिळाली. घर एका जुन्या मराठी कुटुंबाचं, कैक पिढ्या बंगळुरातच असलेलं. घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. कॉलेज मात्र मल्लेश्वरमला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या अंगाला. रोज दोन बस. एक शिवाजीनगरपर्यंत, तिथं उतरून दुसरी. शिवाजीनगर हे नाव ऐकून पहिल्या दिवशी मला फार हायसं वाटलं होतं. तिथं उतरले तर मराठीचा एक शब्द कानावर पडेना.

बसचे रिवाज मी हळूहळू शिकले. बायकांनी पुढच्या दारानं चढायचं, पुरुषांनी मागच्या. पुढचा भाग बायकांचा, मागचा पुरुषांचा, आणि मध्ये कुठंतरी एक न आखलेली सीमा, जी सगळ्यांना माहीत असे. आपण उभ्या असलो तर बसलेली बाई काही न विचारता आपली पिशवी ओढून मांडीवर घेई. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी पिशवी परत हिसकावली होती. ती बाई हसली आणि तिनं पुन्हा ओढून घेतली. महिनाभरात मी स्वतः अनोळखी बायकांच्या पिशव्या मांडीवर घेऊ लागले आणि 'स्वल्प मुंदे होगी' म्हणत, म्हणजे जरा पुढं सरका असं सांगत, दारातून आत घुसू लागले. मला याचा मनातून फार अभिमान वाटे. दाखवायला कुणी नव्हतं, ही खंत होती.

दाखवायची संधी आली ती भलत्याच वेळी. दिवाळीच्या आधी बाबा न कळवता येऊन थडकले. कापडाचं दुकान कधी एक दिवस बंद न ठेवणारा माणूस, तो आला म्हणजे काहीतरी ठरवूनच आला हे मी ओळखलं. आत्यानं कान भरले होतेच. त्यात त्या संध्याकाळी मला यायला उशीर झाला. फाटकाशी बाबा उभे होते, चप्पल न घालता. मला पाहून ते आत निघून गेले.

सकाळी नाश्त्याला त्यांनी सांगून टाकलं. "सामान बांध. आज कॉलेजात जाऊन दाखला काढू, उद्या गाडीला बसू. पुण्यात बघू काय ते."

मी म्हटलं, "मला जायचं नाही."

"दोन-दोन बस बदलून, कुठल्या मुलखात, एकटी पोर. तुला काही झालं तर मला कळणार कधी?"

"इतके दिवस झालं का काही?"

"व्हायची वाट बघायची का?"

अक्का कॉफी ओतत होत्या. त्या त्यांच्या मराठीत म्हणाल्या, "रोज जाऊन येतंय की हो पोर. स्वल्प बघा तरी तुम्ही, ते जातंय कसं." परक्या घरातल्या म्हाताऱ्या बाईशी वाद घालणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. माझ्याशी मात्र होतं, आणि माझ्या स्वभावातही ते पुरेपूर उतरलं होतं. आम्ही दोघं फुरंगटूनच बसस्टॉपवर गेलो. बाबांचा शब्द घरात कुणी मोडला नव्हता. संध्याकाळपर्यंत माझं शिक्षण संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बस आली. मी सवयीनं पुढच्या दारानं चढले. वळून सांगायला हवं होतं, तुम्ही मागून चढा म्हणून. पण आमचा अबोला होता. बाबा माझ्या पाठोपाठ पुढूनच चढले आणि माझ्या शेजारी दांडा धरून उभे राहिले. नुसते उभे राहिले नाहीत, तर दुसरा हात आडवा धरून मला गर्दीपासून कुंपण घातलं. मुलगी बरोबर असली की बापानं काय करायचं, याची त्यांची तेवढीच कल्पना होती. अडचण अशी की त्यांनी जिला थोपवून धरलं होतं ती गर्दी सगळी बायकांचीच होती.

एक बाई काहीतरी बोलली. दुसरीनं मागं बोट दाखवलं. कंडक्टर मागून ओरडला, "यजमान्रे, हिंदे बन्नी." बाबांना वाटलं तिकिटाचं विचारतोय. त्यांनी पैसे पुढं केले. मग कंडक्टरनं हिंदीत सांगितलं, "लेडीज का जगह है, पीछे आओ."

"ये मेरी बेटी है," बाबा म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

कंडक्टरनं शिट्टी फुंकली आणि बस थांबवली. पूर्ण बस वाट बघत होती. कुणीतरी हसलं. बाबांचे कान लाल झाले. दुकानात ज्यांच्यापुढं गिऱ्हाईक आवाज चढवत नसे, त्या माझ्या बाबांनी मान खाली घातली, ते पुढच्या दारानं उतरले आणि मागच्या दाराकडे चालत गेले. मला त्यांचा रागही येत होता, आणि त्या हसणाऱ्याच्या कानशिलात मारावी असंही वाटत होतं.

बस निघाली. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं ते थांबेना. समोर बसलेल्या बाईनं माझी पिशवी आधीच मांडीवर घेतली होती. तिनं हळूच विचारलं, "यारु अवरु?", कोण ते म्हणून. मी म्हटलं, "अप्पा." ती म्हणाली, "बर्तारे बिडु." येतील गं, सोड. शिवाजीनगर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. चेहरा असा झालेला असताना मागं वळून बघणं शक्यच नव्हतं. बाबांनी रडताना पाहिलं असतं तर त्यांच्या म्हणण्याला आयता पुरावा मिळाला असता.

उतरून मी तोंड पुसलं. बाबा मागच्या दारानं उतरून माझ्याकडे आले. शर्ट चुरगळला होता.

"अख्ख्या वाटेत तू एकदाही मागं वळून बघितलं नाहीस," ते म्हणाले.

ते शाबासकी देत होते की तक्रार करत होते, मला कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही. खरं कारण ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. त्यांना वाटत असेल पोरगी धीट आहे, तर वाटू दे, असा हिशेब मी त्या क्षणी केला, आणि तो करताना मला वाईटही वाटलं.

"पुढची कुठली?" त्यांनी विचारलं. मी बस दाखवली. ते न सांगता मागच्या दाराकडे गेले.

या बसमध्ये मी दर थोड्या वेळानं मागं बघत होते. आधी ते उभे दिसले. मग दिसेनात. मल्लेश्वरम जवळ आलं तशी मी टाचा उंच करून शोधू लागले. त्यांना मागं कोपऱ्यातली जागा मिळाली होती आणि ते झोपले होते, खिडकीच्या गजाला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. आदली रात्र त्यांनी जागून काढली असणार. कुठं उतरायचं हे त्यांना माहीत नव्हतं. कुणाला विचारायचं तर भाषा येत नव्हती. तरी ते गाढ झोपले होते.

"बाबा," मी सगळ्या बसभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "उतरायचंय."

कॉलेजच्या फाटकापाशी मी ऑफिसकडे वळले. दाखला तिथं मिळणार होता. बाबा फाटकातच थांबले.

"तुझा तास किती वाजता असतो?"

"आता सुरू होईल."

"मग जा की. मी बसतो इथं, कट्ट्यावर."

"आणि दाखला?"

त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग रुमाल काढून कट्टा झटकला आणि बसता बसता म्हणाले, "लवकर सुटलीस तर बघ. मला एकट्याला परत जाता यायचं नाही."